मानेच्या गाठीचा टीबी औषधांना दाद देतो की नाही, याची तपासणी कुठे आणि कशी होते?

सीनाकाठ, ९ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. आमच्या घरात सध्या दोन क्षयरुग्ण आहेत. दोघांच्या तपासण्यांचा अनुभव इतका वेगळा आला की नेमके काय चुकले आणि आता काय करावे, हे जाणकारांना विचारावे असे वाटले, म्हणून हा धागा काढत आहे.

आई ५८ वर्षांची असून माढा तालुक्यात गावी राहते. सप्टेंबरात तिचा खोकला तीन आठवडे हटेना, तेव्हा आशाताईंनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे तिने दोन डब्यांत बेडका दिला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला की टीबी आहे. कागदावर दोन ओळी होत्या: ‘एमटीबी डिटेक्टेड, मीडियम’ (टीबीचा जंतू सापडला, प्रमाण मध्यम) आणि ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ (रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला प्रतिरोध आढळला नाही). गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. आता चौथा महिना चालू आहे, वजन ४१ किलोवरून ४६ किलोवर आले आहे आणि खोकला जवळजवळ थांबला आहे. या सगळ्यासाठी आम्हाला एक रुपयाही खर्च आला नाही.

धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे आणि चाकणजवळ एका कारखान्यात कामाला आहे. ऑक्टोबरात त्याच्या मानेला उजव्या बाजूने गाठ आली. एका खासगी रुग्णालयात तिचा तुकडा काढून तपासला, अहवालात ‘क्षयरोगाशी सुसंगत’ असे लिहून आले आणि चार औषधे सुरू झाली. आज दहा आठवडे झाले. गाठ लहान होण्याऐवजी लिंबाएवढी झाली आहे आणि तिच्या शेजारी दुसरी हाताला लागते आहे. डॉक्टर म्हणतात, ‘रेझिस्टन्स असू शकतो, एक गोळी वाढवून बघू.’ मी विचारले की काढलेल्या तुकड्यावरच रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधांना दाद देतात का याची, तपासणी करता येणार नाही का, तेव्हा उत्तर मिळाले की तुकडा फॉर्मेलिनमध्ये होता, आता त्याचा उपयोग नाही. ती बाटली शस्त्रक्रियागृहाच्या दारातून प्रयोगशाळेत मीच नेली होती. डोळ्यांना झोंबणारा वास असलेले पाण्यासारखे द्रव होते आणि तळाशी हरभऱ्याएवढा तुकडा. त्या वेळी कोणी एक शब्द सांगितला असता तर दुसरी बाटली घेऊन मी पुण्यातल्या कोणत्याही टोकाला गेलो असतो.

माझ्या शंका अशा आहेत. ही तपासणी उपचार सुरू होण्याआधीच व्हायला हवी होती का? आता, दहा आठवडे औषधे घेतल्यानंतर, ती होऊ शकते का? खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णाचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत घेतात का? आणि आईच्या अहवालातील ‘नॉट डिटेक्टेड’ या शब्दांवर आम्ही निश्चिंत राहावे का?

काचपट्टी, १० जानेवारी २०२५, सकाळी ७.१५

मी चौदा वर्षे सरकारी क्षयरोग प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत आहे. आपल्या प्रश्नाचा गाभा त्या बाटलीतच असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

फॉर्मेलिन ऊती टिकवते, पण जंतू मारते आणि त्यांचा डीएनएही खराब करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना पाहणाऱ्या तज्ज्ञासाठी ते आवश्यक असते. ज्याला जंतू वाढवून पाहायचे आहेत किंवा त्याच्या जनुकातील बदल शोधायचे आहेत, त्याच्यासाठी मात्र तो नमुना तिथेच संपतो. मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या ऊतीवर काही प्रयोगशाळा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करतात, परंतु त्या निकालावर औषधे ठरवण्याइतका भरवसा मी ठेवणार नाही. गाठीतून तुकडा किंवा पू काढताना त्याचे दोन भाग करायला हवेत: एक फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक बाटलीत साध्या सलाइनमध्ये. दुसऱ्या बाटलीला पाच रुपयेही लागत नाहीत. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या डोक्यात त्या वेळी कर्करोगाची शंका असते, टीबीची नसते, आणि बाटली आधीच भरून ठेवलेली असते. माझ्या पाहण्यात फुप्फुसाबाहेरच्या टीबीचे जे रुग्ण या तपासणीला मुकतात, त्यांतील फार मोठा भाग यंत्र नाही म्हणून मुकत नाही, तर नमुना चुकीच्या द्रवात पडला म्हणून मुकतो.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट ‘होय’ असे आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरणच असे आहे की निदान झालेल्या प्रत्येक क्षयरुग्णाची किमान रिफॅम्पिसिनपुरती तरी प्रतिरोध तपासणी व्हावी, मग तो रुग्ण सरकारी असो की खासगी. पूर्वी ही तपासणी फक्त पुन्हा टीबी झालेल्यांची किंवा औषधे लागू न पडलेल्यांची होत असे. २०१४ ते २०१६ या काळात देशभर झालेल्या प्रतिरोध सर्वेक्षणात रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६२ टक्के आढळला. नव्या रुग्णांतील टक्केवारी लहान दिसते, पण आपल्या देशात नवे रुग्ण दरवर्षी लाखांनी असल्यामुळे त्या २.८४ टक्क्यांत हजारो माणसे येतात, आणि त्यांना आधी कधीच टीबी झालेला नसल्याने जुन्या नियमाप्रमाणे त्यांच्या बेडक्याकडे कोणी पाहिलेही नसते.

आता आईच्या अहवालाविषयी. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत दोन गोष्टी सांगते: टीबीचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिनला निकामी करणारा बदल त्याच्या जनुकात आहे का. गोव्यात तयार होणारे ट्रूनॅटही हेच सांगते, मात्र त्यात रिफॅम्पिसिनसाठी वेगळी चिप लावावी लागते. त्यामुळे ट्रूनॅटच्या कागदावर केवळ ‘एमटीबी डिटेक्टेड’ एवढेच असेल आणि रिफची ओळच नसेल, तर तपासणी अर्धी राहिली आहे असे समजून विचारणा करावी. ही दोन्ही यंत्रे नेहमीच्या वापरात आयसोनियाझिडबद्दल काहीही सांगत नाहीत. ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ याचा अर्थ एका औषधापुरता दिलासा, एवढाच आहे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात आयसोनियाझिडला प्रतिरोध असणारे नवे रुग्ण ११ टक्क्यांहून थोडे अधिक होते, म्हणजे साधारण नऊ जणांत एक. म्हणूनच रिफॅम्पिसिनला दाद देणाऱ्या रुग्णाचा दुसरा नमुना एलपीए या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. त्यात कागदाच्या अरुंद पट्टीवर रेषा उमटतात आणि कोणती रेषा उमटली व कोणती गेली यावरून आयसोनियाझिडचा निकाल कळतो. प्रत्यक्ष काम दोन-तीन दिवसांचे असते, वाहतूक आणि रांग यांमुळे अहवाल हातात पडायला आठवडे लागू शकतात. आईने दोन डबे दिले होते असे आपण लिहिले आहे. दुसऱ्या डब्याचे पुढे काय झाले, हे तिच्या निक्षय क्रमांकावरून (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) जरूर विचारा.

भावासाठी आता पुन्हा शस्त्रक्रियेची गरज सहसा नसते. मऊ झालेल्या गाठीतून सुईने पू काढता येतो आणि मिलिलिटरभर पू मिळाला तरी सीबीनॅट व कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) या दोन्हींसाठी पुरतो. औषधे चालू असल्याने कल्चरमध्ये जंतू वाढतीलच असे नाही, परंतु सीबीनॅटला मेलेल्या जंतूंचा डीएनएदेखील चालतो. याच कारणामुळे ‘औषध लागू पडते आहे का’ हे पाहण्यासाठी सीबीनॅट वापरत नाहीत. रिफॅम्पिसिनचा बदल आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ते आजही देऊ शकते. नमुना काढण्याच्या खोलीत आपण स्वतः उभे राहा आणि सुई टोचण्यापूर्वी विचारा, ‘बाटलीत काय आहे?’

श्वासमार्ग, १० जानेवारी २०२५, दुपारी २.०५

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नसल्याने फक्त तीन गोष्टी लिहितो, त्या आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडतील.

दहाव्या आठवड्यात गाठ वाढली म्हणजे औषधे लागू पडत नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. लसीकाग्रंथींच्या, म्हणजे मानेतल्या अशा गाठींच्या, टीबीत योग्य औषधे चालू असतानाही मरणाऱ्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उफाळून येते, गाठी फुगतात, नव्या उमटतात, कधी फुटून वाहतात. हा प्रतिरोध नव्हे. पण वरवर पाहून किंवा चाचपून हा उफाळा कोणता आणि खरा प्रतिरोध कोणता, हे मलाच काय, कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी नमुनाच लागतो, आणि सुरुवातीला तपासणी झालेली असती तर आज ही काळजीची रात्र आपल्या वाट्याला आली नसती.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो. चालू असलेली औषधे बंद करू नका आणि तपासणीशिवाय एकच नवी गोळी वाढवू देऊ नका. जंतू खरोखर चारपैकी दोन औषधांना दाद देत नसतील, तर त्यांच्यासमोर एकटे नवे औषध टाकणे म्हणजे तेही औषध त्यांना ओळखीचे करून देणे होय. अशा वेळी हात सर्वांत आधी लिव्होफ्लॉक्सासिनकडे जातो आणि प्रतिरोधी टीबीच्या उपचारात ज्याची पुढे सर्वांत जास्त गरज लागते, त्यांपैकी ते एक आहे. भारतात २०२४ च्या सप्टेंबरात मान्यता मिळालेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारातही बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिडबरोबर त्याच गटातील मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. साध्या खोकल्या-तापाला आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला ही औषधे आपल्याकडे किती सढळपणे दिली जातात, हे पाहून मला नेहमी धास्ती वाटते.

तिसरी गोष्ट सरकारी प्रयोगशाळेविषयी. खासगी डॉक्टरांचा रुग्णही या तपासण्या मोफत मिळण्यास पात्र आहे. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे. ती नोंद झाली की रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकासह तपासणीच्या छापील अर्जावर सही करून नमुना पाठवता येतो. भावाची नोंद झाली आहे का, हे आधी पाहा. झाली असेल, तर नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झालेले दरमहाचे पोषण अनुदानही त्याच्या बँक खात्यात यायला हवे. ते येत नसेल, तर नोंदच झाली नसण्याची शक्यता आहे. १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावरही विचारणा करता येते.

माझ्याच व्यवसायबंधूंविषयी एक खेद नोंदवतो. आमच्यापैकी अनेकजण छातीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅन लगेच सांगतात, पण बेडक्याची तपासणी सांगताना संकोचतात. बेडका आणायला सांगणे रुग्णाला आवडत नाही, दवाखान्यात तो घेण्याची सोय नसते आणि अहवाल येईपर्यंत रुग्ण दुसरीकडे जाईल अशी भीती असते. प्रतिमेत डाग दिसतो, पण तो डाग कोणत्या औषधाने जाईल हे कोणतेही स्कॅन सांगत नाही.

चोवीस महिने, १० जानेवारी २०२५, रात्री ११.३०

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून माझे लिहिणे आवश्यक वाटले. हे नाव मी उपचाराच्या कालावधीवरून घेतले आहे.

२०१० मध्ये मुंबईत मला फुप्फुसाचा टीबी झाला. सहा महिन्यांचा उपचार पूर्ण केला, एकही मात्रा चुकवली नाही. बेडक्यात जंतू दिसतच राहिले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मला ‘कॅटेगरी टू’मध्ये घातले, म्हणजे आधीचीच औषधे आणि जोडीला दोन महिने आठवड्यातून तीनदा स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन. नवे औषध एकच वाढवले होते, ज्याविरुद्ध वर डॉक्टरांनी सावध केले आहे. हा उपचार त्या वेळी देशभर सर्वांना असाच दिला जात असल्यामुळे मी कोणा एका माणसाला दोष देत नाही. पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो थांबवण्याची शिफारस केली.

या काळात माझा बेडका कल्चरसाठी गेला तो आठव्या महिन्यात आणि अहवाल आला नऊ आठवड्यांनी. तोपर्यंत मी त्याच खोलीत आई-वडील आणि बहिणीबरोबर झोपत होतो. अहवालाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. औषधांच्या नावांपुढे एका खाली एक ‘आर’ हे अक्षर पाच वेळा आहे आणि सहाव्या ओळीत पहिल्यांदा ‘एस’. मला इंग्रजी अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता. खिडकीवरच्या कर्मचारी बाईंनी कागद उलटा धरून, पेनाचे टोक प्रत्येक ‘आर’वर टेकवत सांगितले, ‘ही चालत नाही, ही चालत नाही.’ ज्या गोळ्या मी वर्षभर उपाशीपोटी गिळल्या होत्या, त्यांचीच ती नावे होती.

नंतर दोन वर्षे उपचार झाला आणि त्यात अनेक महिने कानामायसिनची इंजेक्शने घ्यावी लागली. टीबी पूर्ण बरा झाला. डाव्या कानाने आज जवळजवळ ऐकू येत नाही. पहिल्याच महिन्यात तपासणी झाली असती तर औषधे तीच मिळाली असती, कारण तेव्हा दुसरी नव्हतीच. परंतु माझी फुप्फुसे इतकी खराब झाली नसती, आणि २०१२ मध्ये बहिणीला तोच टीबी झाला तो कदाचित झाला नसता. तिच्या वेळी मी माझा कागद घेऊन गेलो, त्यामुळे तिची तपासणी पहिल्याच आठवड्यात सांगितली गेली. सीनाकाठ, घरातल्या एका रुग्णाचा अहवाल दुसऱ्याच्या डॉक्टरांना दाखवणे फार महत्त्वाचे आहे. आईचे सर्व कागद भावाच्या डॉक्टरांपुढे ठेवा.

शिरूर-कासार, ११ जानेवारी २०२५, सकाळी ६.५०

मी बीड जिल्ह्यात उपचार पर्यवेक्षक आहे. तपासणी मोफत आहे आणि यंत्रही तालुक्यापर्यंत आले आहे, हे दोन्ही खरे आहे. तरीही ती रुग्णापर्यंत पोहोचायला कुठे अडते, ते सांगतो.

आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. समजा, एखाद्या माणसाने सोमवारी बेडका दिला. सीबीनॅटचा निकाल त्याला मिळतो, गोळ्या मिळतात आणि शनिवारी तो कुटुंबासह ट्रॅक्टरमध्ये बसून सातारा, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकात निघून जातो. त्याचा दुसरा नमुना एलपीएसाठी गेलेला असतो. तो निकाल येतो तेव्हा माणूस फडात असतो, त्याचा फोन बंद असतो आणि कागदावर पत्ता गावाचाच असतो. त्यामुळे मी आता रुग्णाच्या क्रमांकासोबत मुकादमाचा क्रमांक आणि साखर कारखान्याचे नाव लिहून घेतो. दोन वर्षांपूर्वी एका बाईंचा आयसोनियाझिड प्रतिरोधाचा अहवाल मी याच पद्धतीने कारखान्याच्या तळावर पोहोचवू शकलो आणि तिथल्या पर्यवेक्षकांनी औषधे बदलून दिली. जिथे असे लिहून घेतलेले नव्हते, अशी माणसे मी गमावली आहेत.

नमुन्याच्या प्रवासाबद्दलही थोडे सांगायला हवे. बेडक्याची नळी घट्ट बंद करून तिच्याभोवती शोषक कागद, मग पिशवी, मग बर्फाच्या जेलच्या पिशव्या ठेवलेला थंड डबा, अशी बांधणी लागते. उन्हाळ्यात डबा मोटारसायकलवर बांधून मी तालुक्याला निघतो, तेव्हा अकरानंतर रस्त्यात थांबत नाही. नळी गळली तर प्रयोगशाळा नमुना नाकारते आणि ते योग्यच आहे, पण मग त्या माणसाला पुन्हा बोलवावे लागते. पहिल्या वेळीच नमुना नीट निघावा म्हणून मी रुग्णाला स्वतः करून दाखवतो: सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभे राहा, तीनदा खोल श्वास घ्या आणि पोटातून खोकून काढा. नळीत फेसाळ लाळ आली तर ती नको, घट्ट पिवळसर बेडका हवा.

सीनाकाठ, आईच्या दुसऱ्या नमुन्याची चौकशी फोनवर करू नका. तालुक्याच्या टीबी युनिटमध्ये जा, निक्षय क्रमांक द्या आणि संगणकावर ‘एलपीए’चे पान समोर उघडायला सांगा.

सीनाकाठ, २ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२.२०

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, म्हणून पुढे काय झाले ते सविस्तर कळवतो.

१७ जानेवारीला पुणे परिसरातील एका सरकारी रुग्णालयात भावाच्या गाठीतून सुईने पू काढला. मी खोलीत थांबलो होतो. टेबलावर आधीच ठेवलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीचे झाकण उघडताच तोच झोंबणारा वास आला. मी विचारले, आणि डॉक्टरांनी लगेच निर्जंतुक कोरडी नळी मागवली. दीड मिलिलिटर पू निघाला, दाट आणि पिवळसर, ताकाच्या तळाशी उरतो तसा. सीबीनॅटचा निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला: ‘एमटीबी डिटेक्टेड, लो’ आणि ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’. उरलेला पू कल्चरसाठी गेला आहे. भावाची निक्षय नोंद झालेलीच नव्हती, ती त्याच दिवशी करून घेतली. सुचवलेली जादा गोळी डॉक्टरांशी बोलून सुरूच केली नाही.

आईच्या बाबतीत मात्र मी ज्याला पूर्ण समजत होतो, तेच अपुरे निघाले. टीबी युनिटमध्ये संगणकावर पान उघडले तेव्हा दुसऱ्या नमुन्याचा एलपीए अहवाल ऑक्टोबरपासून तिथे होता. रिफॅम्पिसिनला दाद देतो, आयसोनियाझिडला देत नाही. साडेतीन महिने तो अहवाल तिथे होता आणि आम्हाला कोणीही कळवले नव्हते. तिथले कर्मचारीही तो पाहून क्षणभर गप्प झाले. मग त्यांनीच जिल्ह्याला फोन केला आणि आईला दोन दिवसांनी बोलावून घेतले. तिचा ईसीजी झाला, बेडका फार थोडा निघाला तरी तो पुढच्या तपासणीला पाठवला, आणि लिव्होफ्लॉक्सासिन असलेला सहा महिन्यांचा उपचार २७ जानेवारीपासून सुरू झाला आहे. तिची तब्येत चांगली असूनही हे पुन्हा पहिल्यापासून का, हे तिला समजावताना मला त्रास झाला. ‘चोवीस महिने’ यांनी कागदावरच्या ‘आर’विषयी लिहिलेले मी तिला वाचून दाखवले, तेव्हा ती तयार झाली.

आता भावाचा प्रश्न उरतो. दिवाळीला आणि त्याआधी गणपतीत तो गावीच होता, त्यामुळे दोघांचा जंतू एकच असण्याची शक्यता मला दिसते. आयसोनियाझिडचा निकाल त्याच्यासाठी कधी आणि कसा कळेल?

काचपट्टी, २ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.४५

आईचा अहवाल सापडला, हे फार बरे झाले.

फुप्फुसाबाहेरच्या नमुन्यावर एलपीए थेट केली जात नाही. आधी द्रव कल्चरमध्ये जंतू वाढावे लागतात आणि मग त्या वाढीवर एलपीए होते. यंत्र ४२ दिवसांपर्यंत वाट पाहते, म्हणजे १७ जानेवारीचा नमुना असल्याने २८ फेब्रुवारीपर्यंत ‘वाढ नाही’ असा अंतिम अहवाल येणार नाही, आणि त्याआधी कधीही वाढ दिसली तर पुढील काम सुरू होईल. उद्याच त्या प्रयोगशाळेत आईचा एलपीए अहवाल आणि भावाच्या नमुन्याचा क्रमांक एकत्र देऊन या, म्हणजे वाढ दिसताच आयसोनियाझिडची तपासणी प्राधान्याने होईल. हाच अहवाल ‘श्वासमार्ग’ यांच्यासारख्या छातीविकार तज्ज्ञांना दाखवा. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, तर भावाचे औषध आईच्या अहवालाच्या आधारे ठरवावे का, हा निर्णय त्यांना जिल्ह्याच्या समितीसमोर मांडावा लागेल.

गावी आईसोबत आणखी कोण राहते, हे आपण लिहिलेले नाही. पाच वर्षांखालील मूल घरात असेल, तर त्याला प्रतिबंधक औषधासाठी टीबी युनिटमध्ये घेऊन जाताना आईच्या या नव्या अहवालाची प्रत बरोबर असू द्या. जुन्या दोन ओळींचा कागद दाखवू नका.